मायनं त्याला ठेवलेलं नाव

आधी चाचीचं सांगते. नाहीतर रागाच्या भरात मी त्या माणसाचंच सांगत बसेन, आणि जिच्यामुळे सगळं निभावलं ती बाई राहूनच जाईल.

चाची आमच्या गावची मनियारीण. घरोघरी जाऊन बांगड्या भरते, बाजाराच्या दिवशी मोताळ्याला पथारी मांडते. माझ्या लग्नाचा चुडा तिनंच भरला होता. तिचं घर ग्रामपंचायतीच्या मागच्या भिंतीला लागून आहे, हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्या भिंतीपाशी घडलं. आणखी एक. माझ्या मायला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही, आणि गावात तिच्याशी खरोखर बोलणारी माणसं दोनच. एक मी, दुसरी चाची. बांगडी भरताना हात हातात धरून बसावं लागतं. मायचे हात धरून बसता बसता चाचीला त्या हातांचं बोलणं कळायला लागलं.

मी आठवीतून शाळा सोडली ती मायसाठीच. बाप गेल्यावर माय मजुरीला जायला लागली आणि तिला तोंड लागायचं. मुकादमाशी बोलायला, दवाखान्यात सांगायला, दुकानात विचारायला. मी तिच्या शेजारी उभी राहायची. ती हातानं बोलायची, मी तोंडानं. शाळा सुटल्याचं वाईट वाटायला सवडच मिळाली नाही.

आमची ही भाषा कुणी शिकवलेली नव्हती. घरातच तयार झाली. मायनं गावातल्या प्रत्येकाला एक नाव ठेवलेलं होतं, हातानं करायचं. हनुवटीला बोट लावलं की मी, कारण मला तिथं तीळ आहे. बोटं मिटून त्यांवरून बांगडी सरकवली की चाची. सरपंच म्हणजे खांद्यावरचं उपरणं झटकणं. ज्याला जे सारखं करताना ती बघे, तेच त्याचं नाव.

आणि तिची एक सवय. समोरच्याचे ओठ हलायला लागले की माय मान हलवते. हो म्हणून नाही. तुम्ही बोलताय ते मला दिसलं, एवढंच. लहानपणी मान हलवली नाही की लोक चिडायचे, खांदा धरून गदागदा हलवायचे, म्हणून ती शिकली असणार. आम्हाला ते ठाऊक होतं. गावाला मात्र ती भली बाई वाटायची, कशालाच नाही न म्हणणारी.

लग्न झालं आणि मी नवऱ्याबरोबर गांधीधामला आले. तो गोदामात हमाली करतो, मी मिठाच्या कारखान्यात पिशव्या भरते. आमचं गाव राजूर घाटाच्या पायथ्याशी, खोलगटात. तिथं फोन लागतो तो जेमतेम बोलण्यापुरता, तोही मारुतीच्या पाराजवळ उभं राहिलं तर. आता मला सांगा, मायशी मी फोनवर काय बोलणार? मी इकडून रडले काय आणि हसले काय, तिला ते कसं कळणार! कुणीतरी पलीकडून म्हणायचं, "बरी हाय तुही माय, चिंता नको करू." मी चिंता करायची. मीठ भरताना, भाकरी थापताना, नळाच्या रांगेत. माझा स्वभावच तसा आहे. कुणी बरी आहे म्हटलं की मला आधी वाटतं, हा असं का म्हणाला असेल?

मग गावात केबल आली. रस्त्याच्या कडेनं चर खणून नारंगी नळी टाकली, पंचायतीत एक डबा बसवला, खांबावर पांढरं यंत्र लावलं आणि भिंतीवर रंगवलं की हे वायफाय सर्व ग्रामस्थांसाठी आहे. चाचीच्या लेकानं तिला मोठा फोन घेऊन दिलेला होताच. तिच्या मागच्या ओसरीत पंचायतीचं वायफाय छान पकडायचं. एका दुपारी माझा फोन वाजला, आणि काचेत माय.

तिनं हनुवटीला बोट लावलं. मी नवऱ्यासमोर मोठ्यानं रडले.

त्यानंतर दर रविवारी आम्ही बोलायचो. माझे हात मिठानं फाटलेले तिला तिकडून दिसले. तिनं चाचीला फोन धरायला लावला आणि तिळाचं तेल कसं कोमट करायचं, कसं चोळायचं, ते पूर्ण करून दाखवलं. मी मोठी बाई, पण तेवढा वेळ आठवीतली पोर झाले.

आता तो माणूस.

डब्याची किल्ली त्याच्याकडे होती. पंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढून देणारा, शिकलेला, इस्त्रीचे कपडे. सुरुवातीला गोड होता. मग त्यानं घरीच रिचार्जचं आणि झेरॉक्सचं दुकान काढलं, आणि पंचायतीचं वायफाय बंद पडायला लागलं. लोक पारावर फोन घेऊन बसले की नेमकं बंद. कुणी विचारलं तर म्हणायचा, "वरून फॉल्ट हाय. मी काय खांबावर चढू?" लोक त्याच्या दुकानात जायचे. तिथं त्याची वेगळी लाइन, ती कधी बंद पडत नसे, पण पैसे मोजावे लागत.

दुकान चाललं तशी त्याला मोक्याची जागा हवी झाली, आणि गावात मोक्याची जागा म्हणजे आमचं अंगण. एस.टी. थांबते त्याच्या समोर. त्याला तिथं पत्र्याचं दुकान टाकायचं होतं, आणि पंचायतीतला डबाही तिथंच हलवायचा होता. 'गावाच्या सोयीसाठी' म्हणून.

एके दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, तुह्या मायसोबत बोललो मी. ती हाव म्हनते."

"काय हो म्हणते?"

"अंगनाचं. मी समदं समजावून सांगतलं. तिनं मान हालवली."

मी म्हटलं, "ती मान कुणालाही हलवते, दादा. मी रविवारी तिला विचारते."

"विचार ना. काऊन नाई विचारत?" तो हसला. "बुढीले बी तेवढाच आधार होईल. दुकान म्हनजे मानसाची ये-जा."

त्या रविवारी वायफाय बंद. पुढच्याही रविवारी बंद. चाची पारावर जाऊन मला साधा फोन करायची. "बेटी, आपुन बसलो का बत्ती बुझते. आपुन उठलो का जलते. खिडकीतून दिसते ना मले, डब्याची हिरवी बत्ती."

"मग तूच मायला विचार ना, चाची."

"विचारलं बेटी. ती दुसरंच काई सांगून राह्यली. वायर, भिंत, असंच काई. मले अर्धं समजते, अर्धं नाई. आन् अंगनाची गोष्ट मी उद्या बोलली, तर तो म्हनन, चाची आपल्या मनचं बोलते. तुह्या तोंडून पाह्यजे."

ते खरंच होतं. गावात मायचं तोंड मीच. तो माणूसही ते ओळखून होता. पुन्हा फोन आला. ग्रामसभेत ठराव आहे, तालुक्याचे साहेब येणार आहेत, मी स्पीकरवर फक्त हो म्हणायचं.

"आन् नाई म्हनशील तर विचार करून म्हन," तो म्हणाला. "तू राह्यतं तिकडं गुजरातले. पाह्यनारे तिले आमीच हाओत."

तुम्हाला वाटेल, सरळ नाही म्हणायचं. पण मला झोप लागेना ती वेगळ्याच विचारानं. खरंच मायला हवं असेल तर? एकटी असते. दारात माणसं येतील, बरं वाटेल, असं तिच्या मनात आलं असेल आणि मी इकडून तिच्या तोंडून नाही म्हणून बसले तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? आणि तिला नको असेल आणि मी भिऊन हो म्हटलं तर? ते अंगण म्हणजे मायचे कान आहेत. दारावरची थाप तिला ऐकू येत नाही. उंबऱ्यात बसून ती रस्ता बघते, कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी काय झालं, सगळं तिला तिथून कळतं. समोर पत्रा उभा राहिला की माय भिंतीत चिणल्यासारखी.

मी चाचीला म्हटलं, काहीही कर, पण मला तिचे हात दाखव.

चाचीनं लग्नसराईतला बाजार सोडला. वर्षाची कमाई ज्या दिवसांत होते त्यातला एक दिवस. पथारी मांडलीच नाही, मायला जीपमध्ये घातलं आणि घाट चढून गेली. वरच्या वळणावर जीपवाले इंजिन थंड करायला थांबतात, तिथं नेट येतं. मला फोन आला तेव्हा काचेत आधी एक माकड दिसलं आणि चाचीचा आवाज, "हाट बे! हाट! बेटी, जल्दी बोल, हे माकड फोन नेईन!"

मग माय. पदर वाऱ्यानं तोंडावर येत होता, ती एका हातानं तो धरून दुसऱ्या हातानं बोलत होती. मी विचारलं, अंगण द्यायचं का? तिला प्रश्नच कळेना. कुणी मागितलंय? चाचीच्या खुणांतून तिला ते पोचलंच नव्हतं, आणि त्यानं तर काही विचारलंच नव्हतं. तो आला, ओठ हलवले, ती मान हलवून मोकळी झाली. मी समजावून सांगितलं तसा तिचा चेहरा बदलला. तिनं तळहात असा आडवा मारला की जीपवालाही वळून बघायला लागला. नाही. नाही. नाही.

आणि मग तिनं एक खूण केली, जी मी आधी पाहिली नव्हती. मूठ भिंतीला लावल्यासारखी धरली आणि झटक्यात मागे ओढली. भिंतीतून वायरची पिन उपटावी तशी.

मी विचारलं, हे काय?

ती म्हणाली, हे त्याचं नाव. चाचीच्या ओसरीतून खिडकी दिसते. आपण फोन घेऊन बसलो की तो आत येतो, भिंतीतून हे ओढतो, आणि तू जातेस.

म्हणजे तिनं पाहिलं होतं. दर रविवारी. माझा चेहरा काचेतून कोण पुसतं ते तिला ठाऊक होतं आणि ते सांगायला तिच्याजवळ मी नव्हते.

त्या क्षणी माझी भीती गेली असं म्हणणार नाही, भीती माझी जातच नाही. पण तिच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं. मला नुसतं अंगण वाचवायचं नव्हतं. मला तो माणूस गावासमोर उघडा पडलेला बघायचा होता. हे चांगलं नाही म्हणतात. असेल. मी देवाला हात जोडून तेच मागितलं.

बेत चाचीचा. ती म्हणाली, "साहब येनार त्या दिवशी त्याले वायफाय चालू ठेवनंच पडन. दाखवाले. मंग आपुन त्याच्याच वायरनं येऊ."

पंचायतीच्या दारात ग्रामसभा भरली त्या दिवशी मी पोटात दुखतंय सांगून सुट्टी घेतली. खोटं नव्हतं, खरंच दुखत होतं. चाची त्याला आधीच सांगून बसली होती की पोरीचा फोन मीच लावते, ती हो म्हणते आहे. तो खूश. चाचीनं फोन लावला, पण आवाजाचा नाही, चेहऱ्याचा, आणि पदराआड धरून मला सगळं दाखवत, ऐकवत बसली.

साहेब बोलले. कंपन्यांना जिथं फायदा दिसत नाही अशा गावांत तार न्यायला सरकार वेगळा फंड ठेवतं, आणि त्यात कंपन्यांच्या कमाईतला वाटा जमा होतो, असं ते म्हणाले. मी इकडे खाटेवर बसून ऐकत होते. कंपन्यांची कमाई म्हणजे काय, आमचे रिचार्जच की! म्हणजे मिठात हात घालून मी जो रिचार्ज मारते, त्यातला कण त्या डब्यात होता आणि तो डबा हा माणूस माझ्याच तोंडावर बंद करत होता. माझं डोकं तापलं ते तेव्हा.

मग तो उठला. "आता त्या बाईचं अंगन. ती राजी हाय. मुकी हाय, पन तिनं मान हालवली, चार मानसांनी पाह्यलं. तिची पोरगी फोनवर हाय."

चाची उभी राहिली. फोन उंच धरला. "पोरगी हाय ना. हे पाहा. दिसते बी."

त्याचा चेहरा मला इकडून दिसला. तो चेहरा मी अजून मनात काढून बघते, कंटाळा आला की.

माय उभी राहिली आणि हातानं बोलायला लागली. मी तोंडानं. "माय म्हणते, मी मान हलवते ती हो म्हणून नाही. सरपंचांनी मला काहीही विचारून पाहावं."

सरपंच उपरणं झटकत म्हणाले, "काय विचारू?"

मागून कुणीतरी ओरडलं, "विचारा, घर पंचायतीले देतं काय!"

सरपंचांनी विचारलं. मायनं मान हलवली.

"तुह्या बकऱ्या मले देतं काय?" मान हलली.

"सरपंच आमदार होतीन काय?" पुढून एकानं विचारलं. मान हलली, आणि सगळी सभा हसली. सरपंचच सगळ्यात मोठ्यानं.

मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. त्या माणसाकडे बोट करून तिनं मायला विचारलं, "हा मानूस इमानदार हाय काय वं?" मायनं मान हलवली. हसून हसून लोक वाकले. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

तो चिडला. "हे नाटक हाय! त्या मनियारनीनं शिकवलं! मी गावासाठी मरून राह्यलो..."

माय त्याच्याकडे वळली. मूठ हवेत धरली आणि ओढली.

मी म्हटलं, "हे तुमचं नाव आहे, दादा. माझ्या मायनं ठेवलंय. आम्ही मायलेकी बोलायला बसलो की तुम्ही भिंतीतून पिन उपटता, ती खिडकीतून बघते. दर रविवारी."

साहेबांनी विचारलं, "खरं आहे का हे?"

आता इथं शहाणा माणूस म्हणाला असता, नाही साहेब, फॉल्ट असतो. सुटलाही असता. पण माझा आवाज फोनमधून चालूच होता. मी थांबले नाही, मुद्दामच. मी म्हणत राहिले, उपटा की दादा, आता का थांबलात, आज साहेब आहेत म्हणून? तो तरातरा आत गेलेला मला दिसला.

आणि काचेतली माय जागच्या जागी थिजली. हात हवेत, मूठ मिटलेली. मग अंधार.

खरं सांगते, इतक्या रविवारी त्या अंधारानं मला रडवलं होतं. त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. नवरा बघतच राहिला.

पुढचं चाचीनं पारावरून सांगितलं. तो पिन हातात धरूनच बाहेर आला होता, भान राहिलं नाही. साहेबांनी नुसतं त्याच्या हाताकडे बघितलं. किल्ली तिथल्या तिथं काढून घेतली आणि डबा आता अंगणवाडीच्या खोलीत आहे, बचत गटाच्या बायकांच्या ताब्यात. अंगणाचा ठराव पुन्हा कुणी काढला नाही. माय उंबऱ्यात बसून रस्ता बघते.

त्याचं दुकान अजून आहे. नोकरीही आहे, दाखले तोच काढतो. मला वाटलं होतं सगळं जाईल, तसं झालं नाही. पण एक झालं. गावातल्या पोरांनी ती खूण उचलली. तो पारावरून निघाला की एखादं पोरगं मूठ भिंतीला लावून ओढतं. मलकापूरच्या गाडीत चढला तर मागच्या सीटवर कुणीतरी ओढतं, कंडक्टर विचारतो काय झालं बे, आणि गाडीभर हसू. त्याच्या घरची माणसं म्हणे मायकडे आली होती, मुलांना आवरा म्हणून. मायनं मान हलवली.

मी गेल्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा तो समोरून आला. मला म्हणाला, "ताई, झालं ते झालं. आता मिटव ना." मला त्याची थोडी कीव आली. नाही म्हणत नाही. त्याचे केस पिकले होते. पण मला काचेतून नाहीशी होणारी माय आठवली, आणि माझा हात माझ्या नकळत भिंतीकडे गेला. नकळत म्हणते, पण तितकंही नकळत नाही. ओढली मी. मिटवायचं असेल तर त्यानं मायला जाऊन विचारावं, तिच्या हातांच्या भाषेत, शिकून. तोपर्यंत ते त्याचं नाव आहे.

याची झळ मात्र चाचीला लागली. त्याच्या भाऊबंदांच्या घरांत आता तिच्याकडून बांगड्या भरत नाहीत. ते म्हणतात, मोताळ्याला दुकानं आहेत. मला तिनं हे सांगितलं नाही, मायनं सांगितलं, रविवारी, फोन चाचीच्याच हातात असताना. चाचीला कळलं तशी ती फोन हलवायला लागली, "काई नाई, काई नाई, बेटी, ती असंच म्हनते." तिच्या डोळ्यांतही आता मोतीबिंदू उतरतो आहे. बांगडी भरताना बाईच्या हाताला काच लागते, म्हणून ती स्वतःच लाजते, आणि ऑपरेशनला म्हणून जात नाही की चार दिवस पथारी कोण बघणार, आणि डोळ्याला पट्टी असताना तुझ्या मायला फोन कोण दाखवणार.

चाची, हे तुला कुणी वाचून दाखवलं तर ऐक. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी येणार आहे. कारखान्यानं सुट्टी दिली तर ती घेऊन, नाही दिली तर नोकरी सोडून. तुला बुलडाण्याला मी घेऊन जाईन, पट्टी सुटेपर्यंत तुझ्या पथारीवर मी बसेन, बांगड्या मला भरता येत नाहीत, पण बायकांचे हात धरून बसायला मी तुझ्याकडूनच शिकले आहे. कधी ते आज सांगता येत नाही. पण मी येईन, चाची.